बोअरहोल क्रमांक सतरा

माझगावच्या म्युनिसिपल शाळेत, सहावी ब च्या वर्गात
सुनावणी होती.
बाकं लहान, माणसं मोठी.
गुडघे कुठे ठेवायचे ह्यातच पहिली दहा मिनिटं गेली.

मला बोलायचं नव्हतं.
मी फक्त पेटी उचलून आणणार.
लाकडी, पाच खणांची, एक बिजागरी सुटलेली,
आणि तिच्यात बोअरहोल क्रमांक सतरा
आडवा निजवलेला.

साहेबांनी पडद्यावर तीन रेघा दाखवल्या:
निळी वरून, लाल खालून,
हिरवी रस्त्यावरून.
हिरवी दाखवून लगेच म्हणाले, ही आपली नुसती असावी म्हणून.

"वरून नको," फिलोमिनाबाई कुटिन्हो उठल्या, तिसरा मजला.
"माझ्या चुलीपासून अकरा फूट. काठीनं मोजलंय मी.
दर चार मिनिटांनी तीनशे माणसं माझ्या कढीत डोकावणार,
आणि मी गाऊनवर."

"खालून तर मुळीच नको," दत्ताराम कुळये,
तळमजला, चष्म्याचं दुकान.
"आमच्या इमारतीला पाया आहे का, आम्हालाच ठाऊक नाही.
ती सवयीनं उभी आहे, साहेब.
तिला जागं करू नका."

मागून कोणी ओरडलं,
पैसेवाल्यांच्या वस्तीत बरी खालून जाते!
साहेब पाणी प्यायले.
म्हणाले, एका खालच्या किलोमीटरात
तीन वरचे बसतात.
ते वाक्य बराच वेळ पंख्याखाली फिरत राहिलं.

इरफान माखजनकर, वय असेल वीस,
त्याला हिरवीच रेघ हवी होती.
"वर पण जिने, खाली पण जिने.
अब्बांचे गुडघे गेलेत."
लिफ्ट असेल ना, असं कोणीतरी म्हणालं
आणि अख्खा वर्ग हसला,
हसू दाबताना साहेबांचं पेन पडलं.
मग हातगाड्या कुठे लावायच्या ह्यावरून
भांडण हिंदीत गेलं, तिथून गुजरातीत,
परत मराठीत आलं तेव्हा
कोण कुठल्या बाजूचं होतं ते राहिलं नव्हतं.

शेवटच्या बाकावरच्या सरूबाई वैतींनी
मला कोपरानं ढोसलं.
"पेटीत काय?"

मी कडी काढली.
आधी डांबर, त्याखाली डांबर, त्याखाली आणखी डांबर.
मग घडीव काळा दगड, एका बाजूनं गुळगुळीत,
ट्रामच्या रुळांलगतचा असावा.
मग विटा, राडारोडा, हिरव्या बाटलीची काच.
चार मीटरला काळा चिखल, पिशवीत बांधलेला.
खडक अकराला, खणाच्या कडेला, गप्प.

त्यांनी पिशवी नाकाशी नेली.
डोळे मिटले, उघडले.
"ही खाडी हाय."
बोटानं चिखल उकरून एक शिंपला काढला,
पदराला पुसला.
"तिसरी. बघ, मिटलेली हाय.
म्हंजे जित्ती होती भरणी टाकली तवा."

मग उभ्या राहिल्या, हात वर न करता.
"ओ साहेब, तुम्ही वर वर आन् खाली खाली म्हंता,
पन कशाच्या?
हा रस्ता तर आधीच वर हाय.
पान्याच्या वर."

"मुद्द्याला धरून बोला, बाई."

सहा वाजता शिपाई किल्ली वाजवत आला.
निर्णय पुढच्या बैठकीत.
इतिवृत्तात एक ओळ पडली:
एका महिलेने मातीबाबत विचारणा केली.
कुटिन्होबाई आणि कुळये
एकमेकांना आधार देत जिना उतरले,
तावातावानं भांडत.

पेटी बंद करताना पाहिलं, शिंपला नव्हता.
नमुना सरकारी मालमत्ता असतो,
वाटेत रेतीचा कणही सांडू द्यायचा नाही,
नोकरीला लागलो तेव्हा सही केली आहे मी त्यावर.
फाटकाशी सरूबाई रस्ता ओलांडायला थांबल्या होत्या,
उजवी मूठ घट्ट आवळून.
हाक मारता आली असती.

रात्री तक्ता भरला.
बोअरहोल सतरा, खोली चार मीटर,
काळी सागरी माती, शिंपल्यांचे तुकडे.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वजनात किंचित घट.
कारण विचारतील तेव्हा सांगेन,
ओल उडाली असेल.